पळस, पेन्सिल सेल आणि एक जानेवारी

ताईच्या मुलीला जुना डिजिटल कॅमेरा हवा होता. नवा नाही, जुनाच! कॉलेजातल्या पोरांमध्ये म्हणे सध्या त्याचीच टूम आहे. "मामा, आजोबांच्या घरी होता ना एक चंदेरी? चालत असला तर मला द्या." चालत असला तर, म्हणजे आधी तपासायला हवा. शोधाशोध केल्यावर कपाटाच्या खालच्या खणात तो सापडला. २००६ साली घेतलेला, पाच मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. नवे सेल घातले आणि तो चक्क सुरू झाला. त्या काळातल्या खास बॅटऱ्यांचे कॅमेरे बॅटरी मेली की संपतात, हा मात्र वाण्याकडच्या सेलवर जिवंत झाला.

पडद्यावर तारीख आली, १ जानेवारी २००६.

आप्पांना ओळखणाऱ्यांना यातली गंमत कळेल. कॅमेऱ्याचं काम झालं की आप्पा लगेच सेल काढून रेडिओत घालायचे. सेल काढल्यावर आतलं घड्याळ थोडा वेळ तग धरतं, मग पुन्हा मूळपदावर येतं. त्यामुळे आमच्या घरी वाढदिवस, गणपती, सहली सगळं १ जानेवारीलाच झालेलं आहे.

कॅमेऱ्याच्या पिशवीत त्याच्याबरोबर फुकट आलेलं ३२ एमबीचं कार्ड होतं. ते आम्ही कधी वापरलं नव्हतं, असा माझा समज. त्यात अकरा फोटो निघाले. दहा नुसत्या झाडाफुलांचे. अकराव्यात आप्पा, टेकडीवर, फुललेल्या पळसाखाली, चक्क हसत. तारीख अर्थातच १ जानेवारी.

आई बघून म्हणाली, "हा २००७ चा. आजारपणाच्या आधीचा." दादा म्हणाला, "नाही, चेहरा उतरलाय. हा २००८ चा." बाहेरच्या माणसाला वाटेल, एका वर्षाने काय बिघडतं? आमच्या घरात बिघडतं. आप्पांचा रिपोर्ट जानेवारी २००८ मध्ये आला आणि त्या सालची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. रिपोर्टनंतर त्यांनी टेकडी सोडली, बाहेर पडणंच सोडलं, शेवटचा वसंत त्यांनी खिडकीतून काढला, ही आईची खंत. तिने ती कितीदा बोलून दाखवलीय.

म्हणून यंदा फाल्गुनात मी कॅमेऱ्याची जी परीक्षा घेतली, ती नुसती भाचीसाठी राहिली नाही.

थोडं मागे जायला हवं. डिजिटल कॅमेऱ्याच्या मुळाशी असलेली सीसीडी ही चकती १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये बॉयल आणि स्मिथ यांनी शोधली. त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने ती वापरून पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्र दहा हजार ठिपक्यांचं, कृष्णधवल, आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद! ते पुन्हा टीव्हीवर बघायचं. घरगुती माणसाच्या हाती ही गोष्ट खऱ्या अर्थाने आली ती १९९५ च्या सुमारास. कॅसिओच्या क्यूव्ही-१० ला पाठीमागे छोटा पडदा होता, काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसायचा. छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही चैनच होती. पुढे २०१० साली जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. मग फोनने ते दुकान बंद केलं. २०२३ मध्ये लेन्स न बदलणाऱ्या कॅमेऱ्यांचा आकडा जेमतेम सतरा लाखांवर आला होता.

असो. पहिली फेरी झाली टेकडीवर, सकाळी. पळसाचा फोटो काढला तर फुलांच्या जागी केशरी डाग! पाकळ्या, देठ, काही वेगळं दिसेना. कार्डावरच्या जुन्या फोटोतही अगदी असाच डाग आहे. याचं कारणही जुनं आहे. चकतीला स्वतःला रंग कळत नाहीत, म्हणून तिच्या ठिपक्यांवर रंगीत गाळणी बसवतात. कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली मांडणी अजून जवळपास सगळीकडे चालते. निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लाल, पाव निळे, कारण आपल्या डोळ्याला हिरव्यातले बारकावे जास्त कळतात. कॅमेरा उजेड मोजतो तो सगळ्याची गोळाबेरीज करून. पळसासमोर लाल ठिपके काठोकाठ भरून जातात आणि कॅमेऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. उजेड एक पायरी कमी करून घेतला तेव्हा कुठे पाकळ्या दिसल्या.

पण या डागाने एक गोष्ट पक्की केली. आमच्याकडे पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चात. कॅमेऱ्याचं घड्याळ खोटं बोललं तरी झाड खोटं बोलत नाही. म्हणजे वसंत नक्की, प्रश्न फक्त सालाचा.

दुसरी फेरी बागेत. भाची झोपाळ्यावर, मी बटण दाबतोय आणि फोटोत रिकामा झोपाळा. दाबल्यावर विचार करून फोटो काढणारं यंत्र! तिथेच सेल काढले, दोन दिवस तसाच ठेवला, मग सेल आणि एक कोरं कार्ड घातलं. तारीख पुन्हा १ जानेवारी २००६. पण फोटोचा क्रमांक? तो मात्र आधीच्या फोटोच्या पुढचाच. जुन्या निगेटिव्हच्या कडेला आकडे असायचे, आठवतं? त्यांचीच ही सोय. नव्वदच्या दशकाअखेर जपानी उत्पादकांनी फायलींच्या नावांचा आणि फोल्डरचा एक नियम ठरवला. चार अक्षरं, चार आकडे आणि डीसीआयएम नावाचं फोल्डर. ते फोल्डर तुमच्या आजच्या फोनमध्येही आहे. आमचा कॅमेरा साल विसरतो, पण मोजणी विसरत नाही.

मग सीड्या काढल्या. मावसभावाचं लग्न, फेब्रुवारी २००८ चा पहिला आठवडा, शेवटचा फोटो १०४०. त्यानंतर मोठं कार्ड मी बंगळूरला घेऊन गेलो, कॅमेरा घरीच राहिला. गणपती २००८, पहिला फोटो १०५२. आणि फुकटच्या कार्डावरचे अकरा फोटो १०४१ ते १०५१.

दादाचं बरोबर होतं. पण मग फोटो काढला कुणी? दादा म्हणतो मी नाही, ताई सासरी, आई तर टेकडी चढतच नाही.

तिसऱ्या फेरीत मी त्याच पळसाजवळ गेलो. समोर कातळाचा एक बुटका दगड आहे. त्यावर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धावत जाऊन झाडाखाली उभा राहिलो. फोटोत खालच्या कोपऱ्यात धूसर गवत आलं आणि क्षितिज किंचित डावीकडे कललं. आप्पांच्या फोटोतही तेच गवत, तोच कल. ते एकटेच गेले होते. रिपोर्ट माहीत असताना, दगडावर कॅमेरा ठेवून, दहा सेकंदांत झाडाखाली पोचून हसले होते.

आईला दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, क्रमांक समजावून सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरीच. दूध आणायला जातो म्हणायचे आणि दीड तास यायचे नाहीत. मी ओरडायचे त्यांना."

एवढंच. पण त्यानंतर खिडकीची गोष्ट तिने काढलेली नाही.

कॅमेरा भाचीला दिला. ३२ एमबीचं कार्ड मात्र आईने ठेवून घेतलं. देताना तारीख बरोबर लावली आणि बजावलं, सेल काढत जाऊ नकोस. तुमच्याकडेही असा एखादा पडून असेल तर विकण्याआधी आत कार्ड आहे का बघा, आणि तारखेवर विसंबू नका. फोटोत मागे कुठलं झाड आहे ते आधी पाहा.