हाक, ओ आणि पिंग

कळमनुरीत नात्यातल्या एका लग्नाची हळद होती. मांडवाच्या एका अंगाला साऊंडवाल्यांनी ठाण मांडलेलं. काळ्या पेट्यांची उतरंड, वायरींची भेंडोळी, टेबलावर डिजिटल मिक्सर आणि त्याला खेटून लॅपटॉप. आता मिक्सरचा कारभार लॅपटॉपवरूनच चालतो. ऑपरेटर मांडवाच्या टोकाला बसून माईक कमी-जास्त करतो, मिक्सरला हात लावावा लागत नाही. त्या संध्याकाळी मात्र लॅपटॉपला मिक्सर दिसेना.

"कनेक्टच होईना गेलंय, दादा," ऑपरेटर पोरगा फोनवर कुणाला तरी सांगत होता. पलीकडून उत्तर आलं, "आधी पिंग मारून बघ."

पोरानं काळी खिडकी उघडली, पिंग लिहिलं, पुढं मिक्सरचा आकडी पत्ता टाकला. चार ओळी आल्या. चारही नन्नाच्या. पोरगा फोनमध्ये म्हणाला, "ओच देईना."

जगभरच्या संगणकवाल्यांच्या तोंडी असलेल्या या शब्दाचं इतकं नेमकं मराठी मी तोवर ऐकलं नव्हतं. आमच्याकडं ज्वारी हुरड्यात आली की माणसं रात्री जागलीला जात. अंधारात शेजारचा शेतकरी जागा आहे की झोपला, हे कळायला एकच उपाय होता, हाळी देणं. पलीकडून "ओ" आला की बस्स. त्या ओमध्ये निरोप काही नसे. माणूस आहे, जागा आहे आणि हाळीच्या टप्प्यात आहे, एवढंच त्यातून कळे. ओ यायला किती वेळ लागला यावरून तो किती लांब आहे आणि किती झोपेत आहे, तेही कळे. पिंग म्हणजे तंतोतंत हेच.

शब्द मात्र शेतातून नाही, समुद्रातून आला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला सुरुवात केली तेव्हा फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ या शास्त्रज्ञानं क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज देऊन पाण्यात न ऐकू येणारा ध्वनी सोडला आणि त्याचा पडसाद पकडला. स्फटिकाचा हा गुण 1880 साली क्युरी बंधूंनी शोधला होता आणि लांजव्हँ हा त्यांतल्याच पिएरचा शिष्य. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. जाऊन यायला लागलेला वेळ मोजायचा, निम्मा करायचा, की अंतर हाती. पुढं या यंत्रांना सोनार म्हणू लागले, आणि त्यांचा ठोका यंत्रातून नाविकांच्या कानाला जसा ऐकू आला तसंच त्याचं नाव पडलं: पिंग. आपल्याकडं टाळ टणटणतो, घागर खणखणते, त्याच जातीचा हा नादशब्द.

तिथून तो संगणकात आणला माइक मूस या अमेरिकी गृहस्थानं. मेरीलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत तो कामाला होता. 1983च्या जुलैत नॉर्वेतल्या एका बैठकीत संगणकतज्ज्ञ डेव्ह मिल्स यांनी सहज बोलता बोलता सांगितलं, की आपण संगणकांच्या जाळ्यातून पडसाद-संदेश पाठवून वाटेत लागणारा वेळ मोजतो. असे संदेश नियमात आधीपासून होते. जॉन पोस्टेल यांनी 1981 साली लिहिलेल्या नियमावलीत 'पडसाद मागणे' आणि 'पडसाद देणे' असे दोन प्रकार नमूद आहेत. डिसेंबरात मूसच्या प्रयोगशाळेतलं जाळं विचित्र वागू लागलं, तेव्हा त्याला मिल्स यांचं बोलणं आठवलं. रात्रीतून त्यानं प्रोग्रॅम लिहिला. तो चालेना, कारण असला संदेश बाहेर सोडायची सोयच त्याच्या संगणकावरच्या युनिक्स प्रणालीत नव्हती. मूस चिडला आणि त्यानं तीही सोय लिहून काढली. उजाडायच्या आत सगळं तयार. कॉलेजात त्यानं सोनार आणि रडारची गणितं केली होती, म्हणून नाव ठेवलं पिंग. या चार इंग्रजी अक्षरांची फोड करून भारदस्त नाव नंतर मिल्स यांनी बसवलं, असं त्याच्या कानावर आलं होतं. मूसच्या लेखी तो नुसता आवाजच होता.

खरी गंमत पुढं आहे. त्यानं पहिला पिंग सोडायच्या आतच चक केनेडी या सहकाऱ्यानं हार्डवेअरमधला बिघाड शोधून दुरुस्त केला होता. ज्या दुखण्यासाठी औषध कुटलं, ते दुखणं औषध खलातून निघायच्या आधीच बरं झालं. मूस पुढं गमतीनं म्हणायचा, की हीच आपली सगळ्यात गाजणारी कामगिरी ठरणार हे ठाऊक असतं, तर अजून एखाद-दोन दिवस त्यावर घालवले असते. 2000 साली मोटार अपघातात तो गेला.

त्याला कुणीतरी सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. एका कचेरीतलं जाळं मधूनच तुटायचं आणि कुठं ते सापडेना. तिथल्या माणसानं पिंगचं प्रत्येक उत्तर संगणकाच्या बोलत्या आवाजाला जोडलं, तो आवाज कचेरीतल्या स्टिरिओला दिला आणि मोठ्ठा केला. सेकंदा-सेकंदाला "पिंग, पिंग" असा गजर सुरू झाला. मग हा इमारतभर हिंडत एकेक जोडणी हलवून बघू लागला. जिथं हात लागल्यावर आवाज थांबला, तिथं रोग. नादातून जन्मलेला शब्द स्पीकरमधून पुन्हा नाद होऊन आला.

आता मांडवात परत येऊ. मिक्सरच्या पलीकडं ऑक्टोपॅडवाला बसला होता. ऑक्टोपॅडला पाच टाचण्यांचं एक गोल छिद्र असतं, मिडीचं. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा, तीही 1983चीच. त्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-600 आणि इकुतारो काकेहाशी यांच्या रोलंडचा ज्युपिटर-6 हे दोन वेगवेगळ्या घरचे सिंथेसायझर एका केबलनं जोडले गेले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजू लागला. या कामासाठी दोघांना 2013 साली तांत्रिक ग्रॅमी मिळाला. पहिला ऑक्टोपॅड 1985चा, आणि त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. ठोका पडला की मिडीतून दुसऱ्या वाद्याला फर्मान सोडायचं, एवढंच त्याचं काम.

आणि फर्मानच ते. मिडीच्या एका केबलीतून एकाच दिशेनं बोलता येतं, सेकंदाला 31,250 बिट. पलीकडं वाद्य आहे का, चालू आहे का, त्यानं ऐकलं का, हे पाठवणाऱ्याला कळत नाही. उलटी केबल टाकून विचारपूस करता येई, पण मांडवात ती कोण टाकतो? काही वाद्यं दर 300 मिलिसेकंदांच्या आत "मी आहे, मी आहे" असा संदेश मात्र पाठवत राहतात. तो थांबला की ऐकणारं वाद्य वाजते सूर बंद करतं. पण हा ओ न मागता दिलेला, म्हणजे दवंडीच. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन भावंडं, एक विचारायला शिकलेलं आणि दुसरं नुसतं सांगायला.

पोराचा घोटाळा नेमका कुठं होता ते दहा मिनिटांत कळलं. राउटर गाडीतच राहिला होता, म्हणून त्यानं लॅपटॉपची केबल थेट मिक्सरला लावली होती. पत्ते वाटणारा राउटरच नाही म्हटल्यावर लॅपटॉपनं स्वतःचा पत्ता स्वतःच ठरवला, 169.254 ने सुरू होणारा. कुणी नाव ठेवलं नाही तर स्वतःच स्वतःचं बारसं करून घ्यायची ही सोय विंडोज 98 पासून आहे, आणि 2005 साली तिचा रीतसर नियमही लिहिला गेला. मिक्सरचा पत्ता मात्र 192.168.1 च्या आळीतला. एकाच केबलीच्या दोन टोकांना दोघं, पण आळ्या वेगळ्या. फोनवरच्या दादानं लॅपटॉपला हातानं त्याच आळीतला पत्ता द्यायला लावला. पुन्हा पिंग. चारही ओळी भरून आल्या, एका मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात.

तरी मिक्सरचा प्रोग्रॅम उघडेना! पोरगा वैतागला. पण यात पिंगचा दोष नाही. "ओ" देणारा माणूस दार उघडेलच असं थोडंच आहे? पिंग फक्त घरात जाग आहे एवढं सांगतो. प्रोग्रॅम ज्या दारानं आत जातो ते लॅपटॉपच्या फायरवॉलनं लावून घेतलं होतं. याच्या उलटही होतं. 1989च्या नियमानुसार जाळ्यातल्या प्रत्येक यंत्रानं पडसादाला उत्तर द्यायलाच हवं, पण आजचा विंडोज बाहेरच्या पिंगला सहसा उत्तर देत नाही. लॅपटॉप ठणठणीत असतो, नुसता गप्प बसतो.

फायरवॉलला परवानगी दिली आणि पडद्यावर मिक्सरच्या रांगा हलू लागल्या. पाहुण्यांपैकी कुणीतरी टेबलाला धक्का दिला आणि त्या पुन्हा थिजल्या. आता मात्र पोरानं फोन केला नाही. केबल हातात घेतली, टोक बघितलं. खटक्याची प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली होती, टोक खाचेत सैल बसत होतं. केनेडीनं त्या रात्री काय दुरुस्त केलं ते मला ठाऊक नाही, पण मला त्याचीच आठवण झाली.

मिडीही पुढं नुसती सांगत राहिली नाही. मिडीवाल्यांनी 2020 साली दुसरी आवृत्ती आणली, तिच्यात यंत्रं एकमेकांची विचारपूस करू शकतात. नेटवर्कवरून मिडी पाठवायचा नवा नियम 2024 साली आला. त्यातल्या आज्ञांच्या यादीत एकीचं नाव पिंग आहे आणि दुसरीचं पिंगचं उत्तर. फर्मान सोडणारं भावंड एकेचाळीस वर्षांनी हाळी द्यायला शिकलं, आणि हाळीचा शब्द थोरल्याचा नाही, धाकट्याचा घेतला.

पोरानं काळ्या चिकटपट्टीचे चार वेढे देऊन टोक मिक्सरला बांधून टाकलं. मग पिंगच्या पुढं वजा टी लिहून ती खिडकी कोपऱ्यात तशीच चालू ठेवली. बायकांनी नवरीला हळद लावायला घेतली, गाणी सुरू झाली, आणि कोपऱ्यात सेकंदाला एक अशी ओळ वर सरकत राहिली.