झिजणाऱ्या जमिनीचा इतिहास

झिजलेली फरशी कमी खर्चात कशी बदलावी, हा प्रश्न आज आपण दुकानदाराला विचारतो. आपल्या आजीला तो पडत नसे. मातीची जमीन उखडली की चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. खर्च केवळ श्रमांचा, आणि ते श्रम बहुधा बाईचे.

१८७१मध्ये मुंबई-रायचूर लोहमार्ग पूर्ण झाला. तेव्हाच्या निजामी राज्यातील शहाबाद याच मार्गावर असल्याने तेथील करडा चुनखडक मराठी घरांत येणे सुलभ झाले. सारवण्याचे कष्ट सरले, काटकसर मात्र टिकली : सैल लादी उचलून, खालचा भराव सारखा करून तीच पुन्हा बसवता येई. पुढे १९२२मध्ये फिरोजशा व रुस्तम सिधवा यांनी ‘भारत’ टाइल्सचा कारखाना काढला, तो स्वदेशीच्या प्रेरणेने. भट्टीऐवजी दाबयंत्रावर घडणारी ही सिमेंटची रंगीत लादी. मग संगमरवरी खड्यांची मोझेक आली. ती काळवंडली तरी घासून पुन्हा उजळते.

आजच्या पातळ झिलईच्या टाइलला हे दुसरे आयुष्य नाही. ती झिजली की फोडायची.

आमच्या स्वयंपाकघरातली मोझेक फोडण्याचाच सल्ला कंत्राटदाराने दिला होता. आम्ही तडकलेल्या सहा लाद्या तेवढ्या बदलल्या आणि उरलेली घासून घेतली. नव्या लाद्यांचा रंग जुळला नाही. पण ओट्यापाशी, जिथे आई चाळीस वर्षे उभी राहिली, तिथला खोलगटपणा पायांना अजून कळतो.