कोठावळ्याची तटबंदी

२२ जानेवारी १८७९, बुधवार. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहत संपते तिथे बफेलो नदीला एक उतार आहे, रोर्क्स ड्रिफ्ट. अकराच दिवसांपूर्वी लॉर्ड चेल्म्सफर्डची ब्रिटिश फौज हा उतार ओलांडून झुलूंच्या मुलखात शिरली होती. निमित्त काय, तर राजा सेतेवायोने आपली लष्करी व्यवस्था मोडून टाकावी ही मागणी त्याने मुदतीत मान्य केली नाही. कोणता राजा मान्य करील?

फौज पुढे गेली आणि कोठार मागे राहिले. उताराजवळच ऑटो विट नावाच्या स्वीडिश मिशनऱ्याचे ठाणे होते. त्याच्या घराचे रुग्णालय झाले आणि प्रार्थनाघराचे कोठार. कोठारात मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. हिशेब ठेवायला कमिसरिएट, म्हणजे रसद खात्याची मोजकी माणसे: वॉल्टर डन, त्याचा सहकारी जेम्स डॉल्टन, कोठारावरचा लुई बर्न आणि आर्मी सर्व्हिस कोअरचा कॉर्पोरल अ‍ॅटवुड. राखणीला २४व्या पायदळाची एक कंपनी, म्हणजे ऐंशी-पंचाऐंशी शिपाई.

पहाटे ४. हल्ल्याला साडेबारा तास

नदीपलीकडे सुमारे १६ किलोमीटरवर इसांडलवाना डोंगराच्या पायथ्याशी चेल्म्सफर्डचा तळ होता. झुलू सैन्य आग्नेयेला दिसल्याची खबर रात्री आली, म्हणून तो निम्मी फौज घेऊन अंधारातच निघाला. उरलेल्या तळाभोवती खंदक नव्हता, गाड्यांचा कोटही नव्हता. गाड्यांना कोट होऊन उभे राहायला फुरसत नव्हती. त्यांना रोर्क्स ड्रिफ्टला परत येऊन पुढचा शिधा भरायचा होता. एका गाड्याला सोळा-अठरा बैल, आणि बैलांना चरायला रोज काही तास हवेतच. या मोहिमेचा वेग सेनापतीपेक्षा बैलच जास्त ठरवत होते.

दुपारी १२. साडेचार तास

चेल्म्सफर्ड ज्यांना शोधत आग्नेयेला गेला ते वीसेक हजार झुलू योद्धे तळाच्या ईशान्येकडच्या दरीत चूपचाप बसलेले ब्रिटिश घोडेस्वारांना दिसले. दिसताक्षणी ते उठले. पुढच्या दोन-तीन तासांत तळ संपला. अडीचच्या सुमारास आकाशात खंडग्रास सूर्यग्रहण होते. ब्रिटिशांच्या बाजूने तेराशेहून अधिक माणसे पडली. त्यांत गोरे शिपाई होते तसे नाताळचे आफ्रिकी सैनिकही होते, आणि गाडीवाल्यांनाही तिथून सुटका मिळाली नाही.

दुपारी २. अडीच तास

इकडे रोर्क्स ड्रिफ्टला यातले काहीच ठाऊक नाही. अभियंता दलाचा लेफ्टनंट जॉन चार्ड सकाळी तळावर जाऊन आला होता. टेकड्यांवर झुलू हिंडताना त्याने दुर्बिणीतून पाहिले होते आणि परत येऊन ठाण्याचा ताबा असलेल्या मेजर स्पॉल्डिंगला तसे सांगितलेही होते. उताराच्या राखणीला यायची असलेली एक कंपनी अजून पोचली नव्हती. तिला आणायला मेजर स्वतः हेल्पमकारला निघाला. जाताना ठाण्याचा ताबा कोणाकडे द्यायचा? चार्ड आणि ब्रॉमहेड हे दोन लेफ्टनंट, त्यांत कोण जुना हे कागदात पाहून ठरवले आणि ताबा चार्डकडे आला. चार्ड नदीवर तराफ्यांच्या दुरुस्तीला गेला.

दुपारी ३.१५. सव्वा तास

पलीकडच्या काठावरून दोन घोडेस्वार ओरडत आले. तळ कापला गेला आणि झुलू इकडेच निघाले आहेत, एवढेच त्यांचे सांगणे. त्याच सुमारास ठाण्यावर ब्रॉमहेडच्या हातीही चिठ्ठी पडली. चार्ड धावत वर आला तोवर तंबू उतरवले जात होते आणि रुग्णांसाठी दोन गाडे आणले होते.

ठाण्याचा जीव या घटकेत वाचला. ताबा चार्डकडे, कंपनी ब्रॉमहेडची, पण ज्याने काय करायचे ते ठामपणे मांडले तो या दोघांच्याही वरचा नव्हता. डॉल्टन पंचेचाळिशी गाठलेला गृहस्थ. १८४९ मध्ये पायदळात शिपाई म्हणून भरती झाला, पुढे कमिसरिएटमध्ये गेला, बावीस वर्षे नोकरी करून १८७१ मध्ये निवृत्त झाला आणि आफ्रिकेत स्थायिक झाला. लढाई आली तेव्हा तात्पुरत्या हुद्द्यावर पुन्हा रुजू झाला होता. त्याचे म्हणणे सरळ होते. रुग्णांनी भरलेले बैलगाडे घेऊन उघड्या माळावर निघालो तर झुलू पायी गाठतील आणि एकही वाचणार नाही. इथे थांबलो तर भिंती आहेत, आणि मुख्य म्हणजे पोती आहेत.

बैल ताशी किती चालतो हे ज्याला पाठ होते त्याचे हे उत्तर. युद्धशास्त्र शिकलेल्या अधिकाऱ्याला ते सुचले नसते असे मी म्हणत नाही, पण त्या दुपारी ठामपणे बोलला तो कोठावळाच.

दुपारी ३.३०. एक तास

मक्याचे एकेक पोते सुमारे ९० किलोचे आणि बिस्किटांची पेटी ५० किलोची. कोठारापासून रुग्णालयापर्यंत छातीभर उंचीची भिंत उभी राहू लागली. रुग्णांसाठी आणलेले दोन गाडे मागच्या भिंतीत जडवून टाकले आणि त्यांच्या खाली-वर पोती कोंबली. कंपनीचे शिपाई, हिंडतेफिरते रुग्ण आणि नाताळच्या आफ्रिकी तुकडीतली शेकड्यावारी माणसे यांनी मिळून हे काम केले. डॉल्टन आणि डन कोणत्या थप्पीतून काय काढायचे ते सांगत होते. पुढे गोऱ्यांच्या चित्रांत आणि कथांत ही भिंत बांधणारे आफ्रिकी हात फारसे दिसत नाहीत. ते हात नसते तर तासाभरात एवढे वजन हलले नसते.

दुपारी ४.१५. पंधरा मिनिटे

इसांडलवानाहून निसटलेले शंभरेक आफ्रिकी घोडेस्वार आले, थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. त्यांनी दुपारभर लढून आपली माणसे मरताना पाहिली होती. त्यांना जाताना पाहून ठाण्यातली आफ्रिकी तुकडीही तिच्या गोऱ्या अधिकाऱ्यासकट पळाली. ठाण्यातल्यांनी चिडून मागून गोळ्या झाडल्या आणि त्यात एक गोरा अंमलदार मेला.

आता दीडशेच्या आसपास माणसे उरली, त्यांतली पस्तीसेक रुग्ण. एवढ्यांनी तो लांबलचक तट राखणे शक्य नव्हते. चार्डने आवाराच्या मधोमध बिस्किटांच्या पेट्यांची आडवी भिंत घालायला सांगितली. रुग्णालय सोडावे लागले तर तिच्यामागे हटायचे. दोन पेट्यांची उंची होईतो छपरावरचा शिपाई ओरडला.

दुपारी ४.३०

सेतेवायोचा सावत्र भाऊ दाबुलामान्झी तीन-चार हजार योद्धे घेऊन शियाने टेकडीला वळसा घालून आला. ही इसांडलवानाची राखीव फळी. दुपारच्या विजयात तिच्या वाट्याला फारसे काही आले नव्हते. नदी ओलांडून नाताळमध्ये जाऊ नका, असे राजाने बजावले होते. ते धुडकावून ही मंडळी आली होती, त्यामुळे पुढचा सगळा रक्तपात राजाच्या मर्जीविरुद्ध झाला.

पहिली पाच-सहाशेंची लाट दक्षिणेकडून आली, पन्नासेक पावलांवर गोळीबारात अडली आणि रुग्णालयाच्या कोपऱ्याकडे वळली. तिथे तटावर डॉल्टन उभा होता. एका झुलूने रुग्णसेवा दलाच्या शिपायाच्या बंदुकीची नळी धरून भाला उगारला, तेव्हा डॉल्टनने त्याला गोळी घातली. पुढे त्याच्याच खांद्यातून गोळी आरपार गेली. बंदूक उचलवेना तेव्हा त्याने ती बर्नच्या हाती दिली आणि शेजारच्यांना कुठे मारा करायचा हे सांगत राहिला. थोड्या वेळाने एका जखमी कॉर्पोरलने पाणी मागितले. बर्नने आणले, आणि पाजत असतानाच डोक्यात गोळी लागून तो पडला.

संध्याकाळी ६ ते पहाटे ४

बाहेरचा तट सुटला आणि सगळे पेट्यांच्या भिंतीमागे आले. रुग्णालय पेटले. आतल्या शिपायांनी एकामागून एक भिंती फोडून रुग्णांना ओढत बाहेर काढले. यातले हूक, विल्यम्स आणि दोन जोन्स पुढे प्रसिद्ध झाले. डन मात्र उंच ढिगावर चढून, गोळ्या भोवतीने जात असताना पोत्यांचा शेवटचा गोल बुरूज रचत होता. तो तटापेक्षा बराच उंच होता, जखमींना त्याच्या पोटात ठेवता येई आणि वरून मारा करता येई. अ‍ॅटवुड कोठाराच्या माळ्याच्या खिडकीतून छपराला आग लावायला येणाऱ्यांना रोखत राहिला. रात्री तहान असह्य झाली, तेव्हा चार्डने काही जणांसह तटाबाहेर धाव घेऊन पाण्याची गाडी ओढून आणली. मध्यरात्रीनंतर हल्ले मंदावले आणि पहाटे थांबले.

सकाळी ८

चेल्म्सफर्डची उरलेली फौज पोचली. वीस हजारांवर काडतुसे झाडून झाली होती आणि सुमारे नऊशे शिल्लक होती. ब्रिटिशांचे सतरा मेले किंवा नंतर जखमांनी गेले. झुलूंची साडेतीनशे प्रेते तटाभोवती पुरली. शिवाय रणात पडलेल्या जखमी झुलूंना ब्रिटिशांनी ठार मारले, तो आकडा कोणी नीट लिहून ठेवला नाही.

इसांडलवानाची नामुष्की झाकायला लंडनला शौर्यकथा हवीच होती. एकाच झुंजीसाठी अकरा व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. २ मे १८७९ च्या पहिल्या यादीत आठ नावे होती: चार्ड, ब्रॉमहेड आणि रेजिमेंटचे सहा शिपाई. ज्याच्या पोत्यांमागे हे आठही जण उभे होते त्याचे नाव त्यात नव्हते. जूनमध्ये ठाण्यावरच्या डॉक्टर रेनॉल्ड्सचे जाहीर झाले. डॉल्टनसाठी कमिसरिएटच्या वरिष्ठांना लिखापढी करावी लागली आणि त्याचे नाव नोव्हेंबरात लागले, अकरापैकी दहावे. १६ जानेवारी १८८० रोजी पीटरमॅरिट्झबर्गच्या फोर्ट नेपियरमध्ये त्याच्या छातीवर पदक लागले. अ‍ॅटवुडला डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल मिळाले.

रसद वाहणाऱ्यांना पदकासाठी ताटकळावे लागण्याची ही पहिली वेळ नव्हती. १५ एप्रिल १८५८ रोजी भारतात आझमगडला उठावातले नेते कुंवरसिंह यांच्या माघार घेणाऱ्या सैन्याचा पाठलाग चालू होता. मायकल मर्फी आणि सॅम्युएल मॉर्ले हे मिलिटरी ट्रेनचे, म्हणजे वाहतूक दलाचे दोन शिपाई. त्यांनी एका जखमी अधिकाऱ्याभोवती उभे राहून तलवार चालवली. क्रॉस मिळाला एकट्या मर्फीला. मॉर्लेने तक्रार केली, चौकशी झाली, तेव्हा १८६० मध्ये त्यालाही मिळाला. मर्फीचा मात्र १८७२ मध्ये काढून घेतला, कारण त्याने घोड्यांचा दाणा आणि गवत चोरले होते. आजवर क्रॉस गमावलेले आठच, त्यांत हा एक.

१९६४ च्या ‘झुलू’ चित्रपटाने चार्ड आणि ब्रॉमहेड घरोघरी पोचवले, डॉल्टनला तिथेही कडेचीच जागा मिळाली. पहिल्या यादीत पहिले नाव त्याचे असायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. लढाईनंतर त्याला नियमित हुद्दा मिळाला, लवकरच अर्ध्या पगारावर बसवले गेले आणि ७ जानेवारी १८८७ रोजी पोर्ट एलिझाबेथला तो वारला. शेवटचा बुरूज रचणाऱ्या वॉल्टर डनला शौर्यपदक मिळाले नाही.