उपल

गेल्या महिन्यात मावसबहीण ऑस्ट्रेलियाहून आली, गळ्यात ओपलचा खडा. साधा दुधीच, पण जरा हलला की आत हिरव्या-तांबड्या ठिणग्या. आईने विचारलं, "आपल्याकडे नाही का गं निघत असलं काही?" तेव्हा सगळे हसलो. पण मिहानमध्ये रोज जाता-येता खोदकामातल्या काळ्या दगडांचे ढीग दिसतात आणि तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

ओपल म्हणजे पोटात पाणी धरलेली सिलिका. पाणी बहुधा ३ ते १० टक्के, म्हणून खडा नाजूक. फार सुकला की तडकू शकतो. रंगांचं कोडं १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी सोडवलं. आत सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे असतात. ते एकसारखे आणि शिस्तीत रचलेले असले तर प्रकाशाचे रंग फुटतात. रचना विस्कटलेली असली तर नुसता दुधी दगड, आणि बाजारात त्याला फारसं कोणी विचारत नाही. कूबर पेडीत १९१५ पासून लोक जमीन पोखरताहेत ती या शिस्तीसाठी! 'ओपल' हे नाव मात्र संस्कृत 'उपल', म्हणजे दगड, यावरून आलं असं मानतात.

आता आपल्याकडचं. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. अशा खडकाच्या पोकळ्यांत सिलिका झिरपून साचते. त्यातून कुठे साधा ओपल होतो, पण जास्त करून अकीक, म्हणजे ओपलचं टणक भावंडच. ते मात्र आपल्या लोकांनी फार पूर्वी हेरलं होतं. काटोल रस्त्याकडच्या माहुरझरीला दगडी मणी घडवण्याचं मोठं केंद्र होतं. प्रा. शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. त्याआधी बुटीबोरीजवळच्या टाकळघाट-खापा इथेही, आणि तिथल्या शिळावर्तुळांतही मणी सापडले. बाजारभाव काहीही असो, कोणीतरी आपल्या माणसाबरोबर ते पुरले होते.

याच टाकळघाटची वर्तुळं पाहायला पाद्री स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये गेले आणि परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. नागपूरच्या टाकळीत लाव्ह्याच्या थरांमधले जीवाश्म गोळा करणारे तेच. ती टाकळी आज शहराच्या पोटात आहे. मिहानच्या ढिगांकडे बघताना मला तीच धाकधूक वाटते.

तर आईला उत्तर दिलं: निघतं, फक्त चमकत नाही. पुढच्या रविवारी तिला माहुरझरीला नेणार आहे. तुम्हीही या. एकच विनंती, मणी दिसला तर उचलू नका. तो कुठे पडला होता हेच कळेनासं झालं, तर उरतो तो फक्त उपल.