डब्यावरचं नाव आणि आतला जिन्नस

लग्नाचा व्हिडिओ व्हीएचएस कॅसेटवर असायचा, तेव्हा एक सोय होती. कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली की चित्र दिसायचं. पुढे तोच सोहळा सीडीवर मिळू लागला आणि हौशी मंडळींना वाटलं, आता घरच्या कॉम्प्युटरवर नको तो भाग कापू, हवा तो जोडू. नन्नाचा पाढा तिथूनच सुरू झाला. सीडी व्यवस्थित चालते, पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ती फाइल आत घ्यायलाच तयार नाही! असं का व्हावं?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. डिसेंबर 1991 मध्ये ॲपलनं क्विकटाइम आणलं. नोव्हेंबर 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'व्हिडिओ फॉर विंडोज' आणि त्याच्याबरोबर एव्हीआय फाइल आणली. चित्र आणि आवाज एकत्र बांधून ठेवणं हे दोघांचंही काम, पण बांधणी मात्र ज्याची त्याची निराळी. शिवाय हे झाले नुसते डबे. आतलं चित्र कोणत्या रीतीनं दाबून बसवलंय, ही गोष्ट वेगळी. त्या रीतीला कोडेक म्हणतात. बिस्किटांच्या डब्यात आपण पोहे ठेवतो ना, तसंच हे. म्हणून एव्हीआय नावाच्या दोन फाइलींतली एक उघडते आणि दुसरी उघडत नाही.

चित्र दाबायचं तरी कशाला? आपल्याकडच्या पाल पद्धतीचं, सेकंदाला 25 चित्रांचं तासभराचं चित्रण न दाबता ठेवलं, तर साधारण 75 जीबी जागा लागते. सीडीत मावतं जेमतेम 700 एमबी. 1993 च्या व्हीसीडीनं एमपेग-1 ही रीत वापरून त्यात तासाभराहून जास्त चित्रण बसवलं. त्यातली युक्ती अशी की, प्रत्येक चित्र पूर्ण ठेवायचं नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मध्ये फक्त काय बदललं, त्याची नोंद. बघायला हे उत्तम, पण कापायला अवघड. नेमक्या जागी कात्री लावावी, तर तिथे पूर्ण चित्रच नसतं. उलट 1995 मध्ये आलेल्या डीव्ही कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्र स्वतंत्र असे. तासाला 13 जीबी लागत, पण कापाकापी सोपी. घरगुती एडिटिंगला डीव्ही मानवलं, ते यामुळे.

दुसरं कारण पैशांचं. डीव्हीडीतल्या एमपेग-2 वर पेटंट होती, ती वापरायची तर शुल्क भरावं लागे. विंडोज एक्सपीसोबत एमपेग-2 वाचणारा कोडेक मिळतच नसे. त्यामुळे व्हीसीडीतल्या 'डॅट' फाइलीचं नाव बदलून 'एमपीजी' केलं, की मूव्ही मेकरमध्ये अनेकदा काम भागायचं, कारण आतला माल त्याच्या ओळखीचा होता. डीव्हीडीच्या बाबतीत मात्र नाव बदलून काही उपयोग नसे.

ही कोंडी फोडायला मोठा हातभार लावला तो खुल्या सॉफ्टवेअरनं. फाब्रिस बेलार यांनी 2000 मध्ये एफएफएमपेग सुरू केलं. पॅरिसमधल्या एकोल सांत्रालच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून व्हीएलसी आलं आणि 2001 मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. आज जुनी फाइल नव्या रूपात आणायची, तर पुष्कळदा याच मंडळींची मेहनत कामी येते.

प्रश्न अजून संपलेला नाही. 2017 पासून आयफोनवर एचईव्हीसी ही रीत आली आणि जुन्या कॉम्प्युटरची पुन्हा पंचाईत झाली. मोबाइलवर सेकंदाला चित्रं कमी-जास्त होतात, मग एडिटिंगमध्ये ओठ आणि आवाज यांची फारकत होते. अशा वेळी मी सांगतो ते एवढंच: आधी फाइलीचं नाव सोडा आणि आत काय आहे ते बघा. व्हीएलसीत 'कोडेक माहिती' मिळते. मग सेकंदाला ठरावीक चित्रं असलेली, एच 264 मधली एमपी4 प्रत करून घ्या आणि कात्री त्या प्रतीला लावा. मूळ फाइल मात्र पुसू नका. झेरॉक्सची झेरॉक्स फिकट होत जाते, तसं प्रत्येक रूपांतरात थोडं चित्र हरवतं.

2016 मध्ये विंडोजवरचं क्विकटाइम थांबलं, जानेवारी 2017 मध्ये मूव्ही मेकर गेलं. कपाटातल्या त्या सीडीवर आजोबांचा चालता-बोलता आवाज कदाचित एकाच ठिकाणी उरलेला असेल. ती वाचणारा ड्राइव्ह घरात आहे, तोवर ती उतरवून घ्यावी.