शंकरशहांचे देवीस्तवन : काव्य आणि पुरावा
बरगीचा परिसर गढा-मंडल्याच्या गोंड राज्यातला. 1781 मध्ये ते सागरच्या मराठ्यांकडे आणि 1818 नंतर कंपनीकडे गेले. या राजवंशातील शंकरशहा व पुत्र रघुनाथशहा यांना 18 सप्टेंबर 1857 रोजी जबलपुरात सर्वांदेखत तोफेच्या तोंडी देण्यात आले. हेराच्या जबानीला जोड मिळाली ती राजाच्या घरी सापडलेल्या देवीस्तवनाची. सरकारी जाहीरनाम्याच्याच पाठीवर ते लिहिलेले होते! शत्रुसंहाराची याचना हा स्तोत्रवाङ्मयातील रूढ संकेत. येथे मात्र शत्रू म्हणून इंग्रजांचा नामनिर्देश होता. इंग्रजी अनुवादात छंद व संकेत दोन्ही गळाले, उरला तो केवळ कट. त्याच रात्री 52वी पलटण बंड करून निघाली. तिने ओलीस धरलेल्या लेफ्टनंट मॅकग्रेगरला पुढे ठार मारण्यात आले. इंग्रजी वृत्तांतांनी खून म्हटले ते यालाच.