खिशातलं ऑफिस, चावी कोणाकडे?

४ जानेवारी २०२२ या दिवशी ब्लॅकबेरीचे जुने फोन अधिकृतपणे संपले. त्यांना लागणाऱ्या सेवा कंपनीने त्या दिवशी थांबवल्या. यापुढे या फोनवर कॉल, मेसेज, इंटरनेट, अगदी आपत्कालीन क्रमांकसुद्धा भरवशाने चालेल असं समजू नका, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. बातमी वाचून माझ्या वयाच्या बहुतेकांना एकच प्रश्न पडला असेल: अजून कोणी वापरत होतं?

वापरणारे थोडेच उरले होते. पण ब्लॅकबेरीने लावलेली सवय आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर फोन थरथरतो, ऑफिसचा मेल असतो आणि आपण तो वाचतो. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यालाही इतिहास असेल असं वाटत नाही.

मी तो शोधायला लागले अगदी व्यावहारिक कारणाने. माझ्या फोनला सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालं, आणि अपडेट नसलेल्या फोनवर ऑफिसचा मेल चालणार नाही असा आमच्या आयटी विभागाचा नियम आहे. म्हणजे नवा फोन घेणं आलं. सॉफ्टवेअरवर पोट असणाऱ्या माणसाला हे अवघड जाऊ नये. कॅमेरा, बॅटरी, रॅम, किंमत, एक एक्सेल शीट, झालं काम. पण त्या शीटच्या कुठल्याच रकान्यात न बसणारा एक प्रश्न उरला. या फोनमध्ये ऑफिसला जागा द्यायची तर किती, आणि त्या जागेची चावी कोणाकडे राहणार?

पोस्टमन दारात येतो

कॅनडातल्या वॉटर्लू या गावात १९८४ साली माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोन मित्रांनी ‘रिसर्च इन मोशन’ ही कंपनी काढली. थोडक्यात ‘रिम’. लाझारिडिस इंजिनिअरिंगची पदवी अर्धवट सोडून बाहेर पडलेला. पुढे वायरलेस डेटावर काम करता करता रिम दुतर्फा पेजर बनवू लागली, म्हणजे ज्यावर निरोप येतोही आणि ज्यावरून उत्तर पाठवताही येतं असा पेजर. त्यातूनच जानेवारी १९९९ मध्ये ‘ब्लॅकबेरी ८५०’ आला. त्यावरून फोन करता येत नव्हता. छोटा काळापांढरा पडदा, अंगठ्यांनी दाबायचा कीबोर्ड आणि आत एक साधा पेन्सिल सेल. पण त्यावर ऑफिसचा मेल यायचा.

‘यायचा’ हे क्रियापद इथे महत्त्वाचं आहे. तोवर मेल आणावा लागत असे. कॉम्प्युटर सुरू करा, कनेक्शन जोडा आणि सर्व्हरला विचारा, काही आलंय का? पोस्टात रोज खेटे घालण्यासारखंच ते. ब्लॅकबेरीने पोस्टमन दारात आणला. कंपनीच्या आवारात रिमचा एक सर्व्हर बसवलेला असे. तो कर्मचाऱ्याच्या मेलबॉक्सवर नजर ठेवायचा. नवा मेल पडला की त्याला कुलूप लावायचा, म्हणजे एन्क्रिप्ट करायचा, आणि रिमच्या केंद्रामार्फत मोबाइल नेटवर्कवरून थेट त्या माणसाच्या कमरेला लटकलेल्या यंत्रावर पोचवायचा. यालाच ‘पुश मेल’ म्हणतात. माणसाने काही मागायचं नाही, यंत्र आपोआप थरथरणार.

इंजिनिअर म्हणून मला या रचनेचं कौतुक वाटतं. त्या काळचं नेटवर्क अगदी हळू आणि बॅटरी इवलीशी. अशा वेळी फोनने दर पाच मिनिटांनी सर्व्हरला विचारत राहणं परवडणारं नव्हतं. म्हणून विचारण्याचं काम फोनकडून काढून सर्व्हरला दिलं. प्रश्न बॅटरी वाचवण्याचा होता. त्याच्या उत्तरात माणसाची संध्याकाळ खर्ची पडेल, हे कोणाच्या आराखड्यात नव्हतं.

११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत हल्ले झाले तेव्हा मोबाइलच्या लाइन तुंबल्या, पण वेगळ्या डेटा नेटवर्कवर चालणारे ब्लॅकबेरीचे निरोप पोचत राहिले. त्यानंतर अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांना ब्लॅकबेरी देण्यात आले. पाच वर्षांत हे यंत्र इतकं भिनलं की २००६ साली ‘वेबस्टर्स न्यू वर्ल्ड’ शब्दकोशाने ‘क्रॅकबेरी’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. क्रॅक हा कोकेनचा प्रकार. नाव व्यसनाचं होतं आणि लोक ते हसत हसत मिरवत होते.

बाबांचा फोन, कॉलेजचा फोन

भारतात ब्लॅकबेरी २००४ साली एअरटेलमार्फत आला. सुरुवातीला तो साहेबांचा फोन होता. कंपनी घेऊन द्यायची, बिल कंपनी भरायची आणि नोकरी सोडताना लॅपटॉपसोबत तो परत करावा लागायचा. फोन कोणाचा, याबद्दल कसलाच संभ्रम नव्हता. ऑफिसची वस्तू होती, साहेब ती फक्त वागवत होते.

२०१० च्या सुमारास चित्र बदललं. व्होडाफोनची ‘ब्लॅकबेरी बॉइज’ ही जाहिरात तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. सुटाबुटातली मंडळी हा आमचा फोन म्हणून गाणं म्हणताहेत आणि त्यांच्यात एकेक करून तरुण पोरं घुसताहेत. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या सोसायटीतल्या कॉलेजला जाणाऱ्या ताई-दादांना मेलशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना बीबीएम हवं होतं. एकमेकांना फोन नंबरऐवजी ‘पिन’ दिला जायचा. ऑफिसचं यंत्र असं घरात आलं, आणि स्वतःच्या पैशाने आलं.

कुलपाचं भांडण

याच वर्षी भारत सरकार आणि रिम यांच्यात जुंपली. सुरक्षा यंत्रणांची तक्रार २००८ पासूनच होती आणि मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर तिला धार आली होती. ब्लॅकबेरीवरचे निरोप आम्हाला गरजेनुसार वाचता आले पाहिजेत, असं सरकारचं म्हणणं. ऑगस्ट २०१० मध्ये गृह मंत्रालयाने महिनाअखेरची मुदत दिली, तोडगा काढा नाहीतर सेवा बंद करू. मुदत पुढे ढकलली गेली, बोलणी चालू राहिली. बीबीएमसारख्या सामान्य ग्राहकांच्या सेवांबाबत रिमने हळूहळू सहकार्य केलं, २०१२ पर्यंत मुंबईत सर्व्हरही आला. पण कंपन्यांच्या मेलबाबत मात्र तिचं उत्तर ठाम होतं. आमच्याकडे सगळी कुलपं उघडणारी मास्टर चावी नाहीच. चावी ज्या त्या ग्राहक कंपनीकडे असते.

त्या वादात सगळ्यांचं लक्ष सरकार विरुद्ध रिम या सामन्याकडे होतं. आज वाचताना मला त्या उत्तराचा शेवटचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. चावी सरकारकडे नव्हती आणि फोन बनवणाऱ्याकडेही नव्हती. ती मालकाकडे होती. कंपनीने दिलेल्या फोनबाबत ते रास्तच म्हणावं लागेल. गोची पुढे झाली. फोन आपला झाला, आणि चावीचा रिवाज तोच राहिला.

फोन माझा, पुसणार तुम्ही

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी त्याला हसून उडवून लावलं होतं. कीबोर्डच नाही, ऑफिसवाले याला का घेतील? पण २००८ च्या ‘आयफोन ३जी’मध्ये ॲपलने खुद्द मायक्रोसॉफ्टच्याच एक्स्चेंज सर्व्हरचा मेल आणला. आता रिमचा खास सर्व्हर आणि खास फोन लागत नव्हता. ‘एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक’ची सोय असलेला कुठलाही फोन चालत होता, मग तो आयफोन असो, नोकियाचा ई-७१ असो की पुढे अँड्रॉइड. कंपन्यांनाही हे सोयीचं पडलं. कर्मचारी स्वतःच फोन विकत घेऊन येणार. याला ‘ब्रिंग युअर ओन डिव्हाइस’ असं नावही मिळालं.

पण तुमच्यापैकी ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी अँड्रॉइडवर ऑफिसचा मेल टाकला असेल त्यांना एक पडदा आठवेल. ‘डिव्हाइस ॲडमिनिस्ट्रेटर’ सुरू करा, असं तो म्हणायचा. खाली बारीक अक्षरांत यादी असायची: पासवर्डचे नियम ठरवणे, स्क्रीन लॉक करणे आणि सगळा डेटा पुसणे. ‘सगळा’ म्हणजे खरोखरच सगळा. फोन हरवला तर कंपनीचे मेल चोराच्या हाती लागू नयेत म्हणून ही सोय होती, पण ती आख्ख्या फोनला लागू होती.

माझा आतेभाऊ त्या काळात एका खासगी कंपनीत होता. त्याने राजीनामा दिला आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याचा स्वतःचा, स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन रीसेट झाला. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, नोकरी सोडणाऱ्याचं खातं बंद करताना पाळायची ती नेहमीची पायरी होती. त्यात आमच्या आजोबांचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. त्यांचा आवाज असलेला एकमेव व्हिडिओही त्यातच होता. बॅकअप ठेवण्याची तेव्हा आमच्याकडे कोणालाच सवय नव्हती. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. करारात तसं लिहिलेलंच होतं.

मधली भिंत

ही भिंत नसल्याचं दुखणं सगळ्यांनाच कळत होतं. खुद्द ब्लॅकबेरीने २०११ मध्ये ‘बॅलन्स’ नावाने कामाचं आणि खासगी असे दोन कप्पे करून पाहिले. पण तोवर तिचे ग्राहक निसटू लागले होते. अँड्रॉइडमध्ये ही सोय ५.० आवृत्तीसोबत आली आणि २०१५ पासून ‘अँड्रॉइड फॉर वर्क’ या नावाने पसरली. ‘वर्क प्रोफाइल’ म्हणतात ती हीच. तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर एकाच फोनमध्ये दोन वापरकर्ते राहतात. ऑफिसची ॲप वेगळ्या वापरकर्त्याच्या नावावर, त्यांच्या फायली वेगळ्या, त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस. नोकरी सुटली की कंपनी फक्त तो कप्पा पुसू शकते. तुमचे फोटो, तुमचं व्हॉट्सॲप, तुम्ही कुठलं ॲप टाकलंय हे तिला दिसतही नाही. आयफोनमध्येही २०१९ च्या आयओएस १३ पासून अशीच वेगळ्या कप्प्याची व्यवस्था मिळते.

एक मेख मात्र आहे. हे सगळं फोन तुमचा असेल आणि नोंदणी ‘वर्क प्रोफाइल’ म्हणून झाली असेल तेव्हाचं. कंपनीने दिलेल्या फोनवर तिचे अधिकार बरेच मोठे असतात. म्हणून मी दुकानात जाण्याआधी आयटी विभागाला तीन प्रश्न विचारले. माझ्या फोनची नोंदणी नेमकी कोणत्या प्रकारात करणार? मी नोकरी सोडल्यावर काय पुसलं जाणार? किमान कोणती आवृत्ती आणि किती जुना सिक्युरिटी पॅच चालतो? तिन्हींची उत्तरं मेलवर लेखी मागितली आणि ती मिळाली. तुम्हीही मागा, कोणी नाही म्हणत नाही.

तिसऱ्या उत्तराने माझी एक्सेल शीट पार बदलून टाकली. फोन जुना होतो तो हार्डवेअरने कमी आणि अपडेट संपल्याने जास्त. २०२३ च्या पिक्सेल ८ ला गूगलने सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला, २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगनेही तोच दिला. स्वस्त फोनांत हा आकडा अनेकदा निम्म्यावर येतो. मग मी किंमत भागिले उरलेली अपडेटची वर्षं असा रकाना केला. मेगापिक्सेलचा काढून टाकला.

बटण

वर्क प्रोफाइलमध्ये एक बटण असतं. ते दाबलं की ऑफिसची सगळी ॲप झोपतात, मेल वाजत नाही. तंत्रज्ञानाने चावीचा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला आहे. प्रश्न उरतो तो हे बटण दाबायची हिंमत कोणात आहे, हा.

याचं उत्तर फोनमध्ये मिळत नाही. २०११ च्या डिसेंबरात जर्मनीत फोक्सवॅगनच्या कामगार प्रतिनिधींनी कंपनीशी करार केला. पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने सर्व्हरने ब्लॅकबेरीवर मेल पाठवणं थांबवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू करायचं. बडे अधिकारी त्यातून वगळलेले. मला हा करार फार आवडतो, कारण बटण एकट्या माणसाच्या हातात न ठेवता सर्व्हरवर बसवलं. जिथून मेल ढकलला जात होता, तिथेच तो अडवला. फ्रान्समध्ये ‘संपर्काबाहेर राहण्याचा हक्क’ कायद्यात आला आणि १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला.

आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत याच हक्काचं खासगी विधेयक मांडलं. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या फोन-मेलला उत्तर दिलं नाही म्हणून कर्मचाऱ्यावर कारवाई होऊ नये, असा त्याचा गाभा. आपल्या संसदेत १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, याचंही तसंच झालं. हिंजवडीत रात्री अकराला उजळलेल्या खिडक्या पाहिल्या की ते विधेयक कोणासाठी होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी शेवटी एकच फोन घेतला, मध्यम किमतीचा, भरपूर वर्षं अपडेट मिळणारा. दोन फोन वागवायचा पर्याय होता, पण त्यात दुसरा फोनही शेवटी उशाशीच येतो. त्याऐवजी टीमच्या मीटिंगमध्ये मी एक नियम मांडला आणि तो मान्य झाला. रात्री आठनंतर खरंच काही कोसळलं, तर ज्याची ऑन-कॉल पाळी आहे त्याला फोन करायचा. मेल कोणी पाहील अशी अपेक्षा ठेवायची नाही. पहिले दोन आठवडे मॅनेजरसकट सगळे अस्वस्थ होते. मग लक्षात आलं की रात्रीच्या मेलांपैकी फोन करण्याइतकं तातडीचं जवळपास काहीच नव्हतं.

आता आठ वाजता आम्ही सहाही जण ते बटण दाबतो. मी एकटीने दाबलं असतं तर आठवडाभरात सोडून दिलं असतं.